नाण्याचा पत्ता

टी. टी. नगर हे नाव भोपाळात इतकं रुळलंय की त्यातली दोन इंग्रजी अक्षरं तात्या टोपे यांची आहेत हे नव्या पिढीला सांगावं लागतं. येवल्यात जन्मलेल्या आणि 18 एप्रिल 1859 रोजी शिवपुरीला फाशी गेलेल्या सेनानीच्या नावाची ही वसाहत भोपाळ राजधानी झाल्यामुळे उभी राहिली. 1 नोव्हेंबर 1956 ला नवा मध्य प्रदेश झाला तो चार तुकडे जोडून: नागपूर राजधानी असलेल्या जुन्या मध्य प्रदेशातला महाकोशल, ग्वाल्हेर-इंदूरचा मध्य भारत, रीवाकडचा विंध्य प्रदेश आणि भोपाळचं राज्य. त्या त्या ठिकाणचे कारकून, अधिकारी, मास्तर बिऱ्हाडं घेऊन इथल्या सरकारी क्वार्टरांत आले. नागपूर, इंदूर, ग्वाल्हेरची मराठी घरंही त्यांत होती. माणसं हलली, फायली हलल्या, पण जमिनीतून निघालेली जुनी नाणी जिथल्या तिथेच राहिली. सागर-जबलपूरकडचा ठेवा नागपूरच्या ‘अजब बंगला’ संग्रहालयाकडे जायचा, भेलसा-उज्जैनच्या बाजूचा ग्वाल्हेर दरबाराकडे, माळवा-निमाडचा इंदूरकडे. परिणाम असा की टी. टी. नगरपासून तास-दीड तासाच्या अंतरातल्या मातीचा नाणे-इतिहास आज तीन-चार शहरांतल्या कपाटांत वाटलेला आहे, आणि त्याला पुन्हा एकत्र आणणारा दोरा एकच, तो म्हणजे नोंदवही. म्हणूनच लहान, स्थानिक संग्रहालयाचं पहिलं काम नाणी मांडण्याचं नसून ती नोंदवण्याचं आहे, आणि त्या नोंदीतही सर्वांत आधी जपायची गोष्ट म्हणजे नाणं कुठे सापडलं त्याचा पत्ता. राजाचं नाव, धातू, किंमत हे सगळं त्याच्या मागून येतं.

हा आग्रह अनेकांना उलटा वाटेल, म्हणून आधी पुरावा पाहू. भोपाळपासून पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर विदिशा आहे. चंद्रगुप्त विक्रमादित्याच्या आधी त्याचा थोरला भाऊ रामगुप्त गादीवर होता, अशी कथा विशाखदत्ताच्या ‘देवीचंद्रगुप्तम्’ या नाटकाच्या उरलेल्या तुकड्यांतून कळत होती. अनंत सदाशिव अळतेकरांसारख्या अभ्यासकांनी तिला इतिहासाचा आधार आहे असं मानलं, इतरांनी ती नाटककाराची कल्पना म्हणून बाजूला ठेवली. मग विदिशा परिसरातून तांब्याची काही बारकी नाणी पुढे आली. त्यांवर सिंह आहे आणि गुप्तकालीन ब्राह्मीत रामगुप्त हे नाव आहे. नाणेशास्त्रज्ञ परमेश्वरीलाल गुप्तांनी ती प्रसिद्ध केली. पुढे सागर विद्यापीठाच्या कृष्णदत्त वाजपेयींना सागर जिल्ह्यातल्या एरणच्या उत्खननातही तशी नाणी मिळाली. एवढ्यावर वाद मिटला नाही, उलट रंगला. नाणी विदिशा-एरणच्या टापूतच मिळतात, तेव्हा हा कुणी माळव्याचा स्थानिक राजा असावा, असं एका पक्षाचं म्हणणं. 1969 मध्ये विदिशाजवळच्या दुर्जनपूरला जमीन उकरताना तीर्थंकरांच्या तीन मूर्ती निघाल्या आणि त्यांच्या पीठावर ‘महाराजाधिराज श्रीरामगुप्त’ असा उल्लेख वाचला गेला, तेव्हा पारडं फिरलं. त्या मूर्ती आज विदिशाच्याच संग्रहालयात आहेत. या वादातली एक गोष्ट माझ्या दृष्टीने फार मोलाची आहे. दोन्ही पक्षांनी एकाच पुराव्यावर बोट ठेवलं होतं, आणि तो पुरावा नाण्याच्या धातूत किंवा सौंदर्यात नव्हता, तो सापडण्याच्या ठिकाणात होता. हीच नाणी दिल्लीच्या एखाद्या व्यापाऱ्याच्या थैलीतून ‘उत्तर भारत, तांबं’ एवढ्याच ओळखीने आली असती, तर रामगुप्त खरा मानणाऱ्यांना आणि न मानणाऱ्यांनाही भांडायला जमीनच उरली नसती.

पत्ता इतका मोलाचा, तरी तो सर्वांत लवकर हरवतो, आणि याचं कारण अगदी साधं आहे. दगडी मूर्तीच्या बैठकीमागे रंगाने क्रमांक घालता येतो, ताम्रपटाला चिठ्ठी बांधता येते. दोन ग्रॅमच्या नाण्यावर काही लिहायला जागाच नसते. त्याचा क्रमांक कागदाच्या पाकिटावर राहतो. प्रदर्शनासाठी, मोजदादीसाठी, कुणा पाहुण्याला दाखवण्यासाठी दहा पाकिटं एकदम उघडली आणि परत भरताना दोन नाण्यांची अदलाबदल झाली, की दोन्ही नाणी पोरकी झाली. धातू शाबूत, इतिहास गेला. यावर उपाय आहे, कारण यंत्रावर पाडलेली नाणी येईपर्यंत बहुतेक नाणी हाताने ठोकलेली असायची आणि हाताने ठोकलेली दोन नाणी कधी तंतोतंत सारखी नसतात. शंभरांश ग्रॅमपर्यंत वजन, मिलिमीटरमध्ये व्यास किंवा लांबी-रुंदी, एका बाजूचा ठसा वर धरला तर दुसऱ्या बाजूचा ठसा घड्याळाच्या कितव्या आकड्याकडे तोंड करतो ती दिशा, आणि दोन्ही बाजूंची छायाचित्रं. एवढं नोंदवलं की पाकीट हरवलं तरी नाणं ओळखता येतं. 2024 च्या सप्टेंबरात भोपाळच्या श्यामला हिल्सवरच्या राज्य संग्रहालयात एक चोर साप्ताहिक सुटीच्या दिवशी आत दडून राहिला. पळताना उंच भिंतीवरून पडून तो जखमी अवस्थेत सापडला आणि त्याच्याजवळ गुप्तकालीन सोन्याची नाणी मिळाली. वर्तमानपत्रांनी कोटींचे आकडे छापले. अशा प्रसंगी ऐवज कुणाचा आणि कोणतं नाणं कोणत्या क्रमांकाचं, हे किमतीचा आकडा सांगू शकत नाही. ते सांगतं वजन, आणि सांगतो चित्राशी जुळणारा काठावरचा एखादा तडा.

वजनाचा उपयोग चोर पकडण्यापुरता नाही, हे दामोदर धर्मानंद कोसंबींनी दाखवून दिलं आहे. तक्षशिलेच्या भीर टेकाडावर 1924 मध्ये चांदीच्या आहत (सुटे शिक्के मारलेल्या) नाण्यांचा हजारावर नगांचा साठा मिळाला. ई. एच. सी. वॉल्श यांनी 1939 मध्ये त्या नाण्यांचं सविस्तर वर्णन पुरातत्त्व खात्याच्या ग्रंथमालेत प्रसिद्ध केलं. कोसंबी तेव्हा पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवत होते. त्यांनी नाण्यांकडे गणिती म्हणून पाहिलं. हातोहात फिरताना नाणं झिजतं, तेव्हा एका काळच्या नाण्यांचं सरासरी वजन जितकी वर्षं ती फिरली तितकं घटत जायला हवं, आणि वजनांमधली तफावत वाढत जायला हवी. नाण्यांच्या मागल्या बाजूला बारीक शिक्के असतात. ते जितके जास्त तितकं सरासरी वजन कमी, असं त्यांना आढळलं. म्हणजे ते शिक्के वापराच्या काळात पुन:पुन्हा पारख करून मारलेले. हा नियम खरा का, हे पडताळण्यासाठी त्यांनी चालू चलनातली नाणीही तोलली. वॉल्शच्या कामातल्या उणिवांवर त्यांनी कडक टीका केली हे खरं, पण टीका करायलाही समोर छापील वर्णन हवं होतं. नोंद करणाऱ्याला पुढचा अभ्यासक कोणता प्रश्न विचारेल हे ठाऊक नसतं. ‘झिजलेलं, सामान्य’ म्हणून ज्याने वजन घेतलं नाही, त्याने एक अख्खा प्रश्न न विचारताच बंद करून टाकला.

आता सगळ्यांत जोरकस आक्षेप. लहान संग्रहालयात एक क्युरेटर, तोही बहुधा दुसऱ्या कामांत अडकलेला, ब्राह्मी आणि फारसी वाचणारा कुणी नाही. अशा ठिकाणी चुकीची नोंद होण्यापेक्षा नाणी मोठ्या संस्थेकडे द्यावीत, तिथले जाणकार बघतील. मोठ्या संस्थांचं मोल मी कमी लेखत नाही. नाशिकजवळ अंजनेरीची नाणेशास्त्र संशोधन संस्था 1980 पासून हेच काम करते आहे. मराठ्यांच्या टांकसाळींवरचा माहेश्वरी आणि विगिन्स यांचा 1989 चा ग्रंथ तिथूनच आला. पण वाचणं आणि नोंदणं ही दोन वेगळी कामं आहेत. लेख वाचता न आल्याने नोंद चुकत नाही. न वाचता अंदाजाने नाव लिहिल्याने ती चुकते. वजन, माप, धातू, ठशाचं शब्दांत वर्णन, कुणाकडून आलं, कोणत्या गावी, कोणत्या शेतात, कशासोबत, कधी, हे लिहायला ब्राह्मी यावी लागत नाही. नामनिश्चिती रिकामी ठेवून बाकीचे रकाने भरले तर जाणकार नंतर पाचव्या मिनिटाला राजाचं नाव घालील. उलट, त्याला राजाचं नाव कळलं आणि गाव हरवलं, तर जगातला कुठलाही जाणकार ते गाव शोधून देऊ शकत नाही. शेतमालकाची भाषा कळणारा, तलावाचं जुनं नाव माहीत असणारा माणूस जवळच्याच संग्रहालयात असतो. दुसरं, विद्वानांच्या नोंदीही चुकतात, आणि त्या दुरुस्त होतात त्या वर्णन पूर्ण असलं तरच. एरणच्या एका तांब्याच्या नाण्याने केवढं रामायण घडवलं ते पाहा. पुरातत्त्वज्ञ कनिंगहॅमला ते मिळालं. त्यावर धमपाल या राजाचं नाव आहे, पण ब्राह्मी अक्षरं उजवीकडून डावीकडे जातात. त्याच्या आधारे ब्यूलर या पंडिताने ब्राह्मी मुळात उलटी लिहिली जायची, म्हणून ती सेमिटिक लिप्यांतून आली, असं प्रतिपादन केलं. इतरांनी उत्तर दिलं की ठसा कोरणारा कारागीर अक्षरं उलटी कोरायला विसरला, त्याने सरळ कोरली आणि नाण्यावर ती आरशातल्यासारखी उमटली. आता हे नाणं नोंदवताना ‘एरण, धमपाल, तांबं’ एवढंच लिहिलं तर वादाचा गाभाच गळून जातो. प्रत्येक अक्षराचं तोंड कुठे आहे, ते लिहिलंच पाहिजे.

याच मुद्द्याला जोडून मराठी वाचकाला विशेष लागणारी एक गोष्ट आहे. माळव्यातल्या जुन्या संग्रहांत शाह आलम बादशहाच्या नावाचे रुपये भरपूर असतात. फारसी वाचणारा नोंदवहीत लिहितो: मोगल, शाह आलम दुसरा. वाचन अचूक, नोंद अपुरी. कारण त्याच रुपयावर कोपऱ्यात शिवलिंग आणि बेलाचं पान असेल, तर तो होळकरांच्या महेश्वरच्या टांकसाळीचा. सूर्याचा चेहरा असेल आणि टांकसाळीचं नाव मल्हारनगर असेल, तर तो इंदूरचा. बादशहाचं नाव हे त्या काळच्या पैशाची पत टिकवण्यासाठी होतं. टांकसाळ, चांदी आणि हुकूम मराठ्यांचा. म्हणून नोंदीत दोन रकाने हवेत: नाव कुणाचं, आणि नाणं पाडलं कुणी. हा एक रकाना वगळल्यामुळे अठराव्या शतकातल्या मराठी सत्तेचा मोठा हिस्सा याद्यांतून मोगल नावाखाली दडपला जातो. गावांच्या नावांचंही असंच. आजचं विदिशा 1956 पर्यंत भेलसा होतं, त्याच्या शेजारचं प्राचीन नगर म्हणजे बेसनगर, जिथे देवदत्त रामकृष्ण भांडारकरांनी 1913 ते 1915 दरम्यान उत्खनन केलं, आणि औरंगजेबाने त्याच भेलशाला आलमगीरपूर नाव दिलं, ते पुढे टांकसाळीचं नाव म्हणून नाण्यांवर राहिलं. होशंगाबाद 2022 मध्ये नर्मदापुरम झालं. जुन्या चिठ्ठीवर भेलसा असेल तर ते खोडून विदिशा लिहू नये. जसं आहे तसं उतरवून घ्यावं आणि शेजारी आजचं नाव, तहसील, जिल्हा द्यावा. कारण भेलसा हा शब्दच सांगतो की चिठ्ठी 1956 पूर्वीची, बहुधा ग्वाल्हेर दरबारच्या कारभारातली.

दुसरा आक्षेप खर्चाचा. तांब्याची झिजलेली, सारखीच दिसणारी शेकडो नाणी. त्यांतली दोन चांगली ठेवा, बाकीची ‘दुबार’ म्हणून एका थैलीत घाला. ठेवा सापडला की नमुने निवडून बाकीची वाटून द्यायची किंवा विकायची, हा रिवाज आपल्याकडे सरकारदरबारीही होता. त्याचं नुकसान आपण सोसलं आहे. 1939 मध्ये अकोला जिल्ह्यात मंगरूळपीरजवळ तऱ्हाळ्याला सातवाहनांच्या मिश्रधातूच्या नाण्यांचा मोठा साठा निघाला. दिसायला सगळी एकसारखी, एका बाजूला हत्ती. संशोधक वासुदेव विष्णु मिराशींनी ती एकेक करून वाचली, तेव्हा कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी, शक सातकर्णी ही पुराणांच्या यादीत न आढळणारी नावं हाती आली. ‘दुबार’ म्हणून थैली बांधली असती तर तीन राजे थैलीतच राहिले असते. पश्चिम क्षत्रपांची चांदीची नाणी माळव्यात मुबलक मिळतात. दुसऱ्या शतकाच्या अखेरीपासून त्यांच्यावर राजाच्या डोक्यामागे शक संवताचं वर्ष असतं, पण चकती लहान आणि ठसा मोठा, त्यामुळे वर्षाचा आकडा पुष्कळदा काठाबाहेर निसटतो. एका नाण्यावर शतकाचा आकडा येतो, दुसऱ्यावर दशकाचा. पन्नास ‘सारखी’ नाणी शेजारी ठेवली तरच एका राजाची वर्षं पुरी होतात. आपल्या शिवराईचंही तेच. श्री राजा शिव, छत्रपति एवढे चार शब्द, पण शिव कुठे ऱ्हस्व, कुठे दीर्घ, कुठे दुदांडी रेघ, कुठे त्रिशूळ, कुठे बेलपान. शंभर-दीडशे वर्षं निरनिराळ्या ठिकाणी पडलेल्या या पैशाला ‘शिवराई, 40 नग’ अशी एक ओळ देणं म्हणजे चाळीस टांकसाळकरांचे हात पुसून टाकणं. मी तर म्हणेन, सोन्याची नाणी नोंदीत शेवटी घ्यावीत. त्यांच्याकडे सगळ्यांचं लक्ष असतंच. अळतेकरांना बयाना ठेव्यातल्या 1,821 गुप्त सुवर्णनाण्यांची सूची करायला मिळाली, ती 1954 मध्ये छापून आली, आणि तिचं कौतुक योग्यच झालं. तांब्याला असं भाग्य क्वचित मिळतं, आणि बाजारात भाजी घेणाऱ्या माणसाच्या हातातलं नाणं तांब्याचंच असायचं.

एका नाण्याजवळ जरा थांबू. नाशिकजवळ जोगळटेंभीला 1906 मध्ये क्षहरात घराण्यातल्या क्षत्रप नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा तेरा हजारांवर नगांचा साठा मिळाला. त्यातल्या सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला आहे. असं एक नाणं हातात घेतलं आणि उजेडात तिरपं धरलं की आधी दिसते ती तीन कमानींची टेकडी आणि खाली नागमोडी नदीची रेघ. दुसऱ्या बाजूला अधिकच्या चिन्हाच्या चार टोकांना चार वर्तुळं, ज्याला नाणेशास्त्रात उज्जैन चिन्ह म्हणतात, म्हणजे माळव्याची खूण नाशिकच्या मातीत. मग डोळा सरावला की टेकडीखालून नहपानाचं नाक वर येतं, काठाला ग्रीक अक्षरांचे अर्धे पाय दिसतात. एका चकतीवर दोन राजे, एक जिंकलेला आणि एक हरलेला. या नाण्याची नोंद ‘सातवाहन’ अशीही करता येते आणि ‘क्षत्रप’ अशीही, आणि दोन्ही नोंदी निम्म्या खोट्या ठरतात. हा साठा पुढे अनेक हातांत गेला. आज जगातल्या कुठल्याही कपाटात असं नाणं निघालं तर पाकिटावर जोगळटेंभी लिहिलं आहे की नाही यावर ते गोदाकाठच्या लढाईचा साक्षीदार राहतं किंवा नुसता चांदीचा तुकडा होतं.

यंत्रांचं काय, हा आजचा प्रश्न. फोनने फोटो काढले, ओळखणाऱ्या प्रणालीला दिले की नाव मिळेल, मग हा वहीचा खटाटोप कशाला? यंत्राने मदत जरूर करावी. पुण्याच्या सी-डॅकने ‘जतन’ ही संग्रहालयांसाठीची संगणक प्रणाली तयार केली आहे, केंद्रीय संग्रहालयांच्या वस्तूंच्या नोंदी तिच्यातून लोकांसमोर आल्या आहेत. परंतु फोटोवरून यंत्र फार तर राजा ओळखेल. ते नाणं कोणत्या नांगराच्या फाळाला लागलं हे त्याला फोटोत दिसणार नाही. यंत्रात भरायची माहितीच नसेल तर यंत्र रिकामं तबक पुढे करतं. त्यापेक्षा गंभीर आक्षेप असा, की सापडण्याची ठिकाणं जाहीर केली तर रात्री धातुशोधक यंत्रं घेऊन माणसं त्या शेतात उतरतील. ही भीती खरी आहे. इंग्लंड-वेल्समध्ये 1997 पासून सामान्य लोकांना सापडलेल्या वस्तूंची स्वेच्छेने नोंद करायची योजना चालते. तिथे संशोधकाला नेमकी जागा मिळते, सर्वसामान्यांना दाखवताना ती ढोबळ करून फक्त परिसर दाखवतात. आपल्याला तसंच करता येईल: वहीत गट क्रमांकापर्यंत, फलकावर तहसिलीपर्यंत. लपवायचं असेल तर लिहून लपवावं. जे लिहिलंच नाही ते लुटारूपासून वाचत नाही, ते फक्त आपल्यापासून हरवतं. शिवाय 1878 चा ठेव्याचा कायदा आजही लागू आहे: जमिनीत दडलेला दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्याला कळवायचं. बहुतेक शेतकरी कळवत नाहीत, कारण त्यांना वाटतं नाणी जातील आणि वर चौकशी मागे लागेल. त्यांना धीर देऊन, नाव-गाव सन्मानाने लिहून घेऊन कायद्याच्या मार्गाला लावणारा माणूस राजधानीच्या कचेरीपेक्षा तालुक्याच्या संग्रहालयात असण्याचा संभव जास्त.

टी. टी. नगरचे अनेक जुने क्वार्टर स्मार्ट सिटीसाठी पाडले गेले. बिऱ्हाडं उठतात तेव्हा माळ्यावरच्या पत्र्याच्या पेट्या उघडतात, आणि देवघरातल्या डबीत आजेसासूबाईंनी ठेवलेले दोन होळकरी रुपये, चारदोन ढबू पैसे, एखादी शिवराई निघते. ती चिंच-लिंबाने घासून लख्ख करण्याचा मोह आवरला पाहिजे. तांब्यावरची हिरवट-तपकिरी साय हेच त्याचं कवच असतं, आणि घासलेल्या नाण्याचं वजन कोसंबींच्या कामाचं राहत नाही. प्लास्टिकच्या मऊ अल्बमांतही ठेवू नये, कारण त्यातलं पीव्हीसी हळूहळू आम्ल सोडतं आणि पावसाळी दमट हवेत तांबं हिरवं पडून खिरायला लागतं. साधा आम्लमुक्त कागद पुरतो. अशी नाणी संग्रहालयाला द्यायची तर सोबत एक कागद द्यावा: आजोबा कोणत्या गावचे, नागपूरहून आले की ग्वाल्हेरहून, नाणी घरात कधीपासून. पूजेतल्या नाण्याला मातीतलं ठिकाण नसतं, पण घराचा प्रवास असतो, आणि तोही पत्ताच आहे.

या कामाला लागतं काय, तर शंभरांश ग्रॅम दाखवणारा सोनाराचा काटा, व्हर्नियर, स्टँडवर उभा केलेला फोन, तिरप्या उजेडाचा दिवा आणि बांधीव वही. माणसं मात्र चार तऱ्हेची हवीत, कारण या टापूतल्या नाण्यांना आणि त्यांच्या कागदांना ब्राह्मी, फारसी, नागरी आणि मोडी अशा चार लिप्या लागतात. भोपाळ हे त्यासाठी दुर्मीळ शहर आहे. जुन्या शहरात फारसी-उर्दूचे जाणकार, विद्यापीठांत ब्राह्मी शिकवणारे, आणि इंदूर-ग्वाल्हेरकडून आलेल्या मराठी घरांत मोडीची ओळख टिकवलेली काही निवृत्त मंडळी. त्यांतली चौघं आठवड्यातून एक दुपार एका टेबलाशी बसली, तर दिवसाला वीस नाणी नीट होतात, वर्षाला हजार. पहिली थैली उघडावी ती ‘तांबं, झिजलेली, किरकोळ’ असं लिहिलेली. आतली प्रत्येक चिठ्ठी, फाटकी असली तरी, नाण्यासोबत त्याच पाकिटात ठेवावी, आणि जिथे ठिकाण खरोखरच ठाऊक नाही तिथे रकाना कोरा न सोडता ‘अज्ञात’ लिहून खाली तारीख आणि सही करावी.